नऊ खुंट आणि एक मेंढा

ज्या कामाला डोकं लागत नाही ते काम माणसाने करूच नये, असं बिरदेव वाघमोडे, बी.एस्सी., याने गिरणीच्या ऑफिसर्स क्लबात चारचौघांसमोर ठणकावून सांगितलं. आणि वाचकहो, सगळा घोटाळा इथेच सुरू झाला.

साल एकतीस-बत्तीसचं असेल. सोलापूरच्या एका गिरणीच्या इंजिनिअरिंग खात्यात बिरदेव नुकताच लागला होता. शनिवारी संध्याकाळी साहेब लोक क्लबात खुंटांचा खेळ खेळत, आणि देशी असिस्टंटांनाही त्या दिवशी आत सोडत. खेळ अगदी साधा. लांबलचक लाकडी पट्टा, त्याच्या टोकाला नऊ खुंट उभे करून ठेवलेले. या टोकाकडून जड लाकडी चेंडू घरंगळत सोडायचा आणि खुंट पाडायचे. पाडण्याची मजा साहेबांची. पाडलेले खुंट पुन्हा उभे करायला पट्ट्यापलीकडच्या खड्ड्यात एक माणूस बसवलेला असे. चेंडू धडकला की तो उठायचा, खुंट वेचून आपापल्या खुणेवर मांडायचा, चेंडू बाजूच्या पन्हळीतून परत धाडायचा आणि पुन्हा खड्ड्यात दिसेनासा व्हायचा. खेळणाऱ्यांना त्याचे फक्त दोन हात आणि तांबडा पटका दिसे.

या माणसाच्या जागी यंत्र बसवता येईल, असं बिरदेवचं म्हणणं होतं. मोठ्या साहेबांना ही कल्पना आवडली. करून दाखवा, ते म्हणाले. बिरदेवने पुढच्याच महिन्याचा वायदा दिला.

हे सगळं बोलताना त्याने खड्ड्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तिकडे न पाहण्याची त्याला सवयच झाली होती. कारण खड्ड्यातला तो तांबड्या पटक्याचा माणूस, धुळाप्पा, त्याचा बाप होता.

हे क्लबात कुणाला ठाऊक नव्हतं. निदान बिरदेव तसं धरून चालला होता. दुष्काळात कळप निम्म्याहून अधिक मेला तेव्हा धुळाप्पा मोहोळजवळचं गाव सोडून सोलापुरात आला आणि या खड्ड्यात उतरला. त्या खड्ड्यातल्या पगारावरच पोरगा पुण्याला जाऊन बी.एस्सी. झाला. नोकरीत रुजू होताना घरच्यांची चौकशी झाली तेव्हा बिरदेवने सांगितलं, आमचा मोहोळकडे पशुधनाचा व्यवसाय आहे. खोटं तो बोलत नसे. शास्त्र शिकलेला माणूस. गावाकडे आईजवळ अजून थोडी मेंढरं होती आणि मेंढरं हे पशुधनच असतं.

क्लबातल्या पहिल्या शनिवारी त्याने सोडलेला चेंडू पन्हळीतून परत आला, आणि मागोमाग खड्ड्यातून आवाज आला, "चांगला टाकला, साहेब." बापाला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. त्याचं त्यानेच ओळखलं होतं. त्या रात्री बिरदेवला भाकरी गेली नाही. पुढच्या शनिवारी अर्धी गेली. नंतर नीट जाऊ लागली. याहून वाईट काय असणार?

रविवारी मात्र तो मागच्या भिंतीकडून गुपचूप बापाच्या खोपीवर जाई. धुळाप्पा त्याला शेंगाचटणी-भाकरी वाढे. क्लबाचा विषय कुणीच काढत नसे.

तर यंत्र. सोलापुरात वावरलेल्या माणसाला दोऱ्यांचं काम नव्याने शिकवावं लागत नाही. मागावर नक्षी उठवायला वरून दोऱ्या सोडलेल्या असतात, त्या खेचल्या की हवे ते धागे वर उचलले जातात. बिरदेवने तीच युक्ती उचलली. प्रत्येक खुंटाच्या डोक्यात भोक पाडून सुती दोरी ओवली. नऊ दोऱ्या वर एका फळीच्या नऊ भोकांतून नेऊन लोखंडी दांडीला बांधल्या. दांडीला कप्पी, कप्पीला समतोल राखणारं वजन, आणि खाली खड्ड्यात एक हलता पाट. खुंट पडले की मागोमाग चेंडू पाटावर येणार. पाट दबला की दांडी वर जाणार, आणि नऊही खुंट हवेत उचलले जाऊन सरळ लोंबणार. चेंडू पाटावरून ओघळून पन्हळीत गेला की पाट वर येणार आणि खुंट आपापल्या जागी अलगद टेकणार. माणसाचं काम नाही. बाप खड्ड्याबाहेर.

फळीतली भोकं त्याने इतकी नेमकी पाडली होती की दोरी जाईल, पण दोरीसोबत वारा जाणार नाही. या नेमकेपणाचा त्याला फार अभिमान होता. आपण तो लक्षात ठेवू.

चाचणी उत्तम झाली. चेंडू पाटावर ठेवला की खुंट वर, उचलला की खाली. शनिवारी मुंबईचे पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोर यंत्र दाखवायचं ठरलं. आता एकच अडचण उरली होती, आणि तिचा इलाज बिरदेवने आधीच्या रविवारी खोपीवर बसून केला.

"आबा, या शनिवारी तुम्ही इथं नसलात तरी चालेल. गावाकडं जाऊन या."

"आन् खुंट कोन लावनार?"

"यंत्र लावणार."

"आन् मी?"

"तुम्ही आता आराम करायचा."

धुळाप्पाने भाकरीचा तुकडा चटणीत बराच वेळ फिरवला. मग म्हणाला, "बरं." एवढ्या लवकर बरं म्हणणारा बाप धोक्याचा असतो. पण हे बी.एस्सी.ला शिकवत नाहीत.

शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा झाल्यावर बिरदेव नवा कोट घालून क्लबात गेला, तर खेळाच्या खोलीचं दार उघडं आणि आतून हळदीचा वास! त्याची आई मायाक्का खुंटांपाशी उकिडवी बसली होती. पुढ्यात हळदीच्या पाण्याची कासंडी. नऊही दोऱ्या वरपासून खालपर्यंत पिवळ्याधमक, आणि ठिबकत होत्या. खड्ड्यात एक दांडगा, वळलेल्या शिंगांचा मेंढा उभा होता, आणि धुळाप्पा लोट्याने त्याच्या पाठीवर पाणी ओतत होता.

"आये, हे काय केलंस?"

"दोऱ्यास्नी हळद लावली की. कोरा दोरा कुनी कामाला लावतं व्हय?"

मेंढ्याचं धुळाप्पाने समजावलं. तसं ते समजावायची गरज नव्हती. बिरदेव त्यातच वाढला होता. कोणतंही मोठं काम काढताना बिरोबाचा कौल घ्यायचा. देवाच्या नावाने सोडलेल्या मेंढ्याच्या अंगावर पाणी घालायचं आणि थांबायचं. त्याने अंग झाडलं की देवाने हो म्हटलं. आणि जोवर तो झाडत नाही तोवर कामाला हात लावायचा नाही. पोराचं पहिलं यंत्र, आणि कौलाशिवाय चालू करायचं, हे मायाक्काला मान्यच नव्हतं. ऐकल्याबरोबर तिने मेंढ्याचं दावं सोडलं होतं. मोहोळ स्टेशनात गार्डाने मेंढ्याला डब्यात घेतलं नाही, म्हणून दोघं त्याला घेऊन रात्रभर चालत आली होती.

बिरदेव भडकणार होता. पण त्याचं लक्ष आईच्या पायांकडे गेलं. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरे झाले होते. तो एवढंच म्हणाला की साहेब येतील, मेंढा घेऊन खोपीवर जा.

"कौल मिळाल्याबिगर हालवता येत न्हाय त्याला," धुळाप्पा म्हणाला. "आमी कोपऱ्यात हुबं ऱ्हातो की. तुजी आय तुला हाक मारनार न्हाय. मी वाटंतच सांगून ठेवलंय तिला."

हे ऐकून बिरदेवला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज पुढे वाटायची होती. त्या क्षणी नुसतं बरंच वाटलं.

मेंढा अंग झाडेना. लोट्यामागून लोटे रिकामे झाले. पाणी त्याच्या लोकरीतून निथळत होतं आणि तो नव्या कारकुनाने वरिष्ठांकडे पाहावं तसा टक लावून खुंटांकडे पाहत होता. झाड बाबा, झाड, असं भौतिकशास्त्राचा पदवीधर मनातल्या मनात म्हणू लागला. एवढ्यात बाहेर मोटार थांबली.

मोठे साहेब, मॅडम, मुंबईचे पाहुणे आणि मागे सरबताचा ट्रे घेऊन क्लबाचा बटलर जोतीराम, अशी मंडळी आत आली. साहेबांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग खड्ड्यातल्या ओल्या मेंढ्याकडे. हा कोण, त्यांनी इंग्रजीत विचारलं.

खरं उत्तर छोटं होतं. पण 'देवाच्या होकाराची वाट पाहतोय' हे वाक्य मुंबईच्या पाहुण्यांपुढे बिरदेवच्या जिभेवर येईना. तो म्हणाला, "तो यंत्राचा भाग आहे, सर."

साहेबांची भुवई वर गेली. "आणि ही बाई?"

"ती धुळाप्पाची बायको, सर. मेंढा त्यांचा आहे."

या वाक्यात तपासून पाहिलं तर एकही चूक नव्हती. बिरदेवने ते मनात तपासलंसुद्धा. कोपऱ्यात मायाक्का पदर तोंडाशी धरून उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. धुळाप्पाला मात्र क्लबात राहून कामापुरतं समजत होतं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "येस सर. माय शीप, सर."

खेळ सुरू झाला. साहेबांनी पहिला चेंडू सोडला. तो पट्ट्यावरून गडगडत गेला, खुंट धाडधाड पडले, चेंडू खड्ड्यात पाटावर जाऊन बसला. सगळ्यांनी वर पाहिलं.

वर काही झालं नाही.

बिरदेवनेही वर पाहिलं. हळदीचं पाणी प्यालेल्या सुती दोऱ्या त्याच्या त्या नेमक्या भोकांत मानपानावरून रुसलेल्या जावयासारख्या फुगून बसल्या होत्या. चेंडूच्या वजनाने त्या हलणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, एक मिनिट, सर. मग पुन्हा म्हणाला, एक मिनिट. मुंबईच्या पाहुण्यांनी घड्याळ काढलं. कपाळावरचा घाम बिरदेवच्या नव्या कोटावर ठिबकू लागला, आणि एखाद्या खड्ड्यात उतरून दिसेनासं व्हावं असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. पण खड्डा रिकामा नव्हता.

खड्ड्यात मेंढा विचार करत होता. आपण शांत उभे असताना कुणीतरी काळं, गोल, टणक असं गडगडाट करत आपल्या अंगावर आलं आणि आता समोर बसून राहिलं आहे, याचा अर्थ मेंढ्यांच्या जगात एकच होतो. तो पावलापावलाने मागे गेला, मान खाली घातली आणि धावला.

धाड! पुढचे दोन्ही पाय पाटावर, डोकं चेंडूवर. चेंडू उडून थेट पन्हळीत पडला आणि साहेबांकडे निघाला. पाट दबला, कर्रकन् आवाज करत दोऱ्या सुटल्या आणि नऊही खुंट पिवळे थेंब उडवत एकदम हवेत गेले. मेंढा समाधानाने, पुढच्या धडकेच्या तयारीने, पुन्हा मागे सरला. पाट वर आला. खुंट हळूहळू उतरले आणि ओळीत उभे राहिले, जणू इन्स्पेक्टर आलेल्या शाळेतली पोरं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी पुन्हा चेंडू टाकला. खुंट पडले, मेंढा धावला, चेंडू परत, खुंट वर, मेंढा मागे, खुंट उभे. मग मॅडमनी टाकला, पाहुण्यांनी टाकला. घड्याळ पुन्हा खिशात गेलं. याला शिकवायला किती दिवस लागले, मॅडमनी विचारलं. विशेष शिकवावं लागत नाही, असं बिरदेवने सांगितलं. तेही खरंच होतं. आज त्याच्या तोंडून खऱ्याशिवाय काही बाहेर पडत नव्हतं आणि प्रत्येक वाक्यागणिक तो थोडा थोडा लहान होत होता.

अशा रंगात आलेल्या खेळाच्या मध्येच, मंडळी जवळून पाहायला खड्ड्याच्या काठाशी जमली असताना, मेंढा थांबला. चारी पाय त्याने रोवले. शिंगापासून शेपटीपर्यंत एक लहर गेली आणि त्याने अंग झाडलं.

दुपारभर मुरलेलं सगळं पाणी, वरून ठिबकलेल्या हळदीसकट, साहेब, मॅडम, पाहुणे आणि सरबत यांच्यावर सारखं वाटलं गेलं. कुणी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून किंकाळी आली.

"दिला! बिरोबानं कौल दिला! माज्या बिरूच्या यंत्राला कौल दिला!"

मायाक्का धुळीच्या पायांनी त्या चकचकीत पट्ट्यावरून धावत आली. कमरेचा भंडारा तिने मुठीने उधळला. खुंट पिवळे, मेंढा पिवळा, मुंबई पिवळी. मग तिने बिरदेवचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माजं लेकरू," ती म्हणाली. सांगितलेलं सगळं ती विसरली होती.

बिरदेव डोक्यापासून बुटांपर्यंत पिवळा होऊन उभा होता. एवढ्यात धुळाप्पा पुढे आला. त्याने बायकोचा दंड धरून तिला मागे ओढलं, साहेबांपुढे हात जोडले आणि आपल्याजवळचं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा केलं.

"सॉरी सर. ओल्ड वुमन, सर. मिस्टेक, सर. धिस साहेब... नॉट अवर सन, सर."

बिरदेवला वाटत होतं की आपली लाज आता आणखी खाली जाऊ शकत नाही. तिला तळ होता, तो इथे लागला. बापाने आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला घेतलं होतं. तेही परक्या भाषेत. ज्याच्यासाठी बोलला तो समोर गप्प उभा होता.

"सर," बिरदेव म्हणाला. मग तो त्या दोघांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "सर, हे माझे वडील आहेत. ही माझी आई. इतके दिवस मी कुणाला सांगितलं नाही."

साहेबांनी चष्म्यावरची हळद रुमालाने पुसली. चष्मा डोळ्यांवर चढवला.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मॅडमना ठाऊक होतं, सगळ्या असिस्टंटांना होतं, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही होतं. पोराची पदवी फडक्यात गुंडाळून धुळाप्पाच ती साहेबांना दाखवायला घेऊन गेला होता. त्यावरूनच तर ही नोकरी लागली होती. तेव्हाच त्याने साऱ्या क्लबाकडे एकच मागणं केलं होतं: पोरगं नवं आहे, लाजतंय, कुणी ओळख दाखवू नका, लाज मोडली की त्याचं तोच सांगेल.

"आमी सगळी तेवढ्यासाठी वाट बघत व्हतो, वाघमोडे," जोतीराम पिवळ्या सरबताचा ट्रे सावरत म्हणाला. "मॅडमला तर लई जड गेलं."

बिरदेवने बापाकडे पाहिलं. धुळाप्पा खाली बघून पट्ट्यावरची हळद पायाने गोळा करत होता, जणू पकडला गेला होता तो तोच.

"ते असो," साहेब म्हणाले. ते आता खड्ड्यावर वाकले होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. "तुम्ही धुळाप्पाचा मुलगा, यात नवीन काय? नवीन आहे तो हा मेंढा! निव्वळ चेंडूचं वजन कमी पडणार हे तुम्ही आधीच हेरलं, आणि जनावराच्या स्वभावाचाच जोर म्हणून वापर केला. आमच्याकडच्या एकाही इंजिनिअरला हे सुचलं नसतं, वाघमोडे."

बिरदेवने तोंड उघडलं. पण एका दिवसात माणूस किती कबुली देणार? त्याने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाला, "थँक यू, सर."

तर अशा रीतीने यंत्र क्लबात कायम झालं. अर्थात मेंढ्यासकट. मेंढा म्हटला की त्याच्यावर माणूस लागतो, म्हणून धुळाप्पाला खड्ड्यातून काढून बाहेर स्टुलावर बसवलं, हातात काठी दिली आणि मेंढ्याचा मुखत्यार नेमलं. बिरदेवच्या मनात होतं ते सगळं घडून आलं. फक्त सोमवारी दोऱ्या वाळल्या. वाळल्यावर त्या भोकांतून लोण्यासारख्या सरकू लागल्या. चेंडू पाटावर टेकला की खुंट बिनतक्रार वर जात होते. यंत्र जसं योजलं होतं तसं, अगदी अचूक, मेंढ्यावाचून चालत होतं.

हे जगात एकट्या बिरदेवला ठाऊक होतं, आणि ते कुणाला कळून चालणार नव्हतं.

म्हणून पुढच्या शनिवारी मंडळी यायच्या आधी तो बाह्या सारून खुंटांपाशी उकिडवा बसला. पुढ्यात आईची कासंडी. धुळाप्पा स्टुलावर बसून मेंढ्याची मान खाजवत त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याला किती कळलं होतं, सांगता येत नाही.

"बिरू," तो शेवटी म्हणाला, "येवढं शिकवलं तुला, आन् तू मला फिरून मेंढरंच राखाय लावलीस की."

बिरदेवने वर पाहिलं नाही. त्याने पुढची दोरी हळदीच्या पाण्यात बुडवली.